शून्य खर्चाचं वर्ष

मार्च महिना होता. उचगावच्या समाजमंदिरात यल्लव्वा इरकल नेसून, पदर दोन्ही खांद्यांवर नीट घेऊन बसली होती. ती इरकल एरवी पेटीतून निघायची ती एप्रिलातल्या जयंतीला, नाहीतर घरातल्या लग्नाला. आज जयंती नव्हती आणि लग्नही नव्हतं. पण योजनेच्या मॅडम वर्षाचा हिशेब बघायला येणार होत्या, आणि मॅडम आपली पाठ थोपटणार याची यल्लव्वाला पुरेपूर खात्री होती.

गावातल्या बायकांच्या बचत गटांचा मिळून एक संघ होता आणि यल्लव्वा त्याची खजिनदार. तिचं आयुष्य फौंड्रीत वाळू चाळण्यात गेलेलं. अंग थकल्यावर ती घरी बसली ती दोन गोष्टी घेऊन. एक खोकला आणि दुसरी पैसा धरून ठेवायची सवय. बाजारात ती समोर दिसली की भाजीवालाच म्हणायचा, "मावशी, भाव तुम्हीच सांगा, माझा घसा दुखतोय." गावात तिला सगळे यल्लक्का म्हणत. खजिनदार निवडायची वेळ आली तेव्हा फाट्यावर कांदाभजीचा गाडा लावणारी झुंबरबाई भर सभेत उठून म्हणाली होती, "यल्लक्काला करा. तिच्या मुठीतनं वारं बी भाईर येत न्हाय." बायका हसल्या आणि हसता हसता सगळ्यांचे हात वर झाले.

योजना सरळ होती. महिनाअखेर ज्या घरात काही उरत नाही, त्या घरानं दर आठवड्याला जमेल तेवढं बाजूला टाकायचं. वर्षभर खंड पडू दिला नाही, तर जेवढं साठलं तेवढीच भर सरकार घालणार. शिवाय हे सगळं चालवायला संघाला थोडं वेगळं अनुदान. सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. "सरकार भर घालणार? आमचं हाय ते तरी न्हेणार न्हाय न्हवं?" असं बायका तोंडावर विचारायच्या. तेव्हा यल्लव्वा उंबऱ्या-उंबऱ्यावर जाऊन बसली होती. "सरकारवर नगा ठेवू, माझ्यावर ठेवा विश्वास," असं तिनं सांगितलं होतं. त्या एका शब्दावर बायकांनी पदराच्या गाठी सोडल्या. आता वर्ष सरत आलं होतं. कुणी पोरीच्या नर्सिंगच्या फीचं, कुणी घरावरच्या पत्र्याचं मनात धरून बसलं होतं. झुंबरबाईनं तर स्टीलचा नवा गाडा बघून ठेवला होता आणि त्याला रंग कुठला द्यायचा यावरून नवऱ्याशी भांडणही उरकून घेतलं होतं.

संयोगिता मॅडम स्कूटीवरून आल्या, हेल्मेट काढून सतरंजीवर बायकांच्यात बसल्या. बराच वेळ त्या कागद बघत होत्या. मग हसून म्हणाल्या, "मावशी, बचत एकदम चोख. एकाही घराचा खंड नाही. आता संघाच्या खर्चाचं सांगा."

याच घटकेसाठी यल्लव्वानं इरकल नेसली होती. ती सावरून बसली. "खर्च न्हाय."

"म्हणजे लिहायचा राहिलाय?"

"लिवायला आधी झाला तर पायजे. एक रुपाय मोडला न्हाय आम्ही. सभेला सतरंज्या घरनं आणल्या. च्या झुंबरीच्या गाड्यावरचा. तालुक्याला जायाचं झालं तर दुधाच्या गाडीत बसून गेलो. सरकारनं दिलं तसंच्या तसं बँकेत हाय. वर व्याज बी पडलंय!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या कुणीतरी शिट्टी मारली. मॅडमनी मात्र पाणी मागितलं, सावकाश प्यायल्या आणि तांब्या खाली ठेवला.

"मावशी, तुम्ही बचत केलीत. पण ते बचतीचे पैसे नव्हते, खर्चाचे होते."

"पैशात असलं वेगळं काय असतंय?"

"सरकारच्या पैशात असतं," मॅडम म्हणाल्या. "ज्या कामाला दिले त्या कामाला एकतीस मार्चच्या आत लागले, असा दाखला मला वर पाठवावा लागतो. दाखला गेला की भर सुटते. दाखला नाही गेला, तर हे पैसे परत जातात आणि भरही अडकते. वर बसलेल्या माणसाला उचगाव दिसत नाही, मावशी. त्याला एवढंच दिसणार, की इथं वर्षभर काही कामच झालं नाही."

पहिली बोलली ती झुंबरबाई.

"म्हंजे खर्च केला न्हाय म्हणून आमचं पैसं अडकलं?"

"तसंच काहीसं."

"यल्लक्का! तुझं नाव मीच सुचवलतं की गं! आता माझ्याच गाड्याचं चाक काढलंस!"

काही बायका हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. मॅडमनी हात वर केला. "चूक माझीही आहे. माझ्याकडे तिघांचं काम आहे, तरी मी दिवाळीतच यायला पाहिजे होतं. पण अजून दिवस हातात आहेत. खर्च करा. मात्र खरा. खोट्या बिलावर मी सही करणार नाही."

"खोटं कोण करालंय?" यल्लव्वा उसळून म्हणाली.

मॅडम कशाकशाला खर्च चालतो ते वाचू लागल्या. प्रशिक्षण, प्रशिक्षणाचं जेवण, दुसऱ्या गावचं काम बघायला दौरा... दौऱ्यापाशी यल्लव्वाचं मन थांबलं ते थांबलंच. पुढचं तिच्या कानावरून गेलं. तिच्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, तिच्या शब्दावर गाठी सोडलेल्या बायकांची रांग.

दुसऱ्या दिवशी ती सून दीप्तीला घेऊन सयाजी आचाऱ्याकडे गेली. दीप्ती संघाची बचत सखी. ती आणि स्वप्नाली नावाची दुसरी एक पोरगी, दोघी दर आठवड्याला घरोघर फिरून बचत गोळा करत आणि बँकेत भरत. हिशेबाला पोरगी पक्की, म्हणून यल्लव्वानं तिला सोबत घेतलं.

"सगळ्या बायकांचं प्रशिक्षणाचं जेवण करायचं. किती हुईल?"

सयाजीनं आकडा सांगितला.

"कमी कर की," यल्लव्वा म्हणाली आणि लगेच जीभ चावली. दीप्तीनं मागून तिचा दंड दाबला. पण बाण सुटला होता.

"यल्लक्का म्हणाल्यावर कमी केलंच पायजे," सयाजी म्हणाला आणि आकडा खाली आणला.

"न्हाय न्हाय, पहिलाच असू दे."

सयाजी तिच्याकडे बघत राहिला. साऱ्या जन्मात यल्लक्का आपणहून भाव चढवताना त्यानं बघितली नव्हती. ही काहीतरी टोमणा मारतेय असं त्याला वाटलं. "बरं, आणि थोडं सोडतो. आता तर खूश?"

"अरं खुळ्या, वाढव म्हणतीय मी!"

"मावशी, ताप-बिप न्हाय न्हवं तुम्हास्नी?" त्यानं खरोखरच काळजीनं विचारलं आणि आकडा आणखी खाली आणला.

प्रशिक्षणाच्या दिवशी तर कहर झाला. संघावर पैशाचं काहीतरी संकट आलंय एवढंच गावात पसरलं होतं. मग काय, हातभार लावायचा म्हणून प्रत्येक बाई घरनं डबा घेऊन आली. कुणाचा झुणका, कुणाचा खर्डा, कुणाची वांगी. भाकरींची चळत लागली. सयाजीच्या पातेल्यांकडे कुणी फिरकेना. संध्याकाळी त्यानं ती पातेली तशीच उचलली आणि एका बारशाच्या पंगतीला फुकट देऊन टाकली. "माल परत आला, मग पैसं कशाचं घेऊ?" असं म्हणून बिलातला मोठा तुकडा त्यानं कापून टाकला. बिल बघून दीप्तीनं कपाळाला हात लावला.

"आत्या, ह्या हिशेबानं आपण दिवाळीपतूर बी खर्चत न्हाय."

"दौरा हाय अजून," यल्लव्वा दात आवळून म्हणाली. "गाडीवाला काय फुकट न्हेत न्हाय."

दौरा ठरला बिद्रीला. तिथला बायकांचा संघ जुना, नाव असलेला. गाडी सांगितली जयसिंगची. जयसिंग यल्लव्वाच्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, पोरगं यल्लव्वाच्याच चुलीपाशी मोठं झालं. इथंच यल्लव्वा फसली. सकाळी गाडी दारात लागली तेव्हा तिनं आधीच बजावलं, "भाडं पुरं घ्यायचं. गावच्या गिऱ्हाइकाकडनं घेतोस तेवढं."

"डिझेलचं दे मावशी, बास."

"डिझेलचं न्हाय, भाडं!"

"तुझ्या हातचं खाऊन वाढलो आणि तुझ्याकडनं भाडं घिऊ? त्यापरीस गाडी रंकाळ्यात घालतो." एवढं बोलून त्यानं गाडी सुरू केली आणि गाण्यांचा आवाज असा मोठा केला, की पुढचं भांडण ऐकू येऊ नये.

बिद्रीत उतरल्यावर मळीचा वास नाकात भरला. कारखान्याचा हंगाम संपत आला होता, रस्त्यानं शेवटच्या उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. तिथल्या संघाची अध्यक्ष बयाबाई, आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची. तिनं सगळ्यांना आधी रस पाजला. मग दुधाचा धंदा दाखवला, शिलाईचं काम दाखवलं, बायका कुठल्या घरात कशानं पैसा साठवतात ते सांगितलं. उचगावच्या बायकांनी शंभर प्रश्न विचारले. झुंबरबाईनं तिथल्या भजीवालीचं पीठ चाखून त्यात ओवा कमी आहे असंही सांगून टाकलं.

दुपारी परसात पंगत बसली. भरलेली वांगी, धपाटी, घट्ट दही, भात आणि वर कटाची आमटी. हात धुतल्यावर यल्लव्वा बयाबाईपाशी गेली आणि घसा साफ करून म्हणाली, "बाई, जेवणाचं बिल द्या."

"काय?"

"बिल. आमास्नी पैसं द्यायचं हाईत."

पातेलं घासणारी बाईसुद्धा हात थांबवून बघू लागली.

"पावणं," बयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्या दारात जेवलासा आणि बिल मागतासा? उचगावात पावण्याला बिल देत्यात व्हय?"

"तसं न्हवं बाई, आमची अडचण हाय."

"अडचण असंल तर आणि जेवा!"

पुढं बोलायची सोय राहिली नाही. उलट निघताना बयाबाईनं प्रत्येकीच्या हातात गुळाची ढेप ठेवली आणि वर एकेक खण. पैसे खर्चायला निघालेल्या बायका भरल्या पिशव्या घेऊन परत निघाल्या.

पण त्याआधी एक गोष्ट झाली होती. जेवणं चालू असताना एक पोरगी स्कूटीवरून आली, फाटक ढकलून आत आली आणि पानावर बसली. वर्षाराणी तिचं नाव, तिथली बचत सखी. स्वप्नालीची नजर त्या स्कूटीवरून हटेना.

"घरच्यांनी घेऊन दिली?"

"घरचं कशाला देत्यात? मानधनातनं घेतली की. थोडं साठवलं, बाकीचं हप्त्यानं."

"कसलं मानधन?"

"सखीचं." वर्षाराणी घास हातात धरून बघत राहिली. "तुमास्नी न्हाय मिळत? संघ चालवायला सरकार देतंय त्यातलं लई करून त्यालाच असतंय."

स्वप्नालीनं दीप्तीकडे बघितलं. दीप्तीनं पानाकडे बघितलं. शेजारच्या पंगतीत बसलेल्या यल्लव्वानं सगळं ऐकलं, आणि आमटीत मीठ बरोबर आहे का नाही याचा ती फार बारकाईनं विचार करू लागली.

परतीच्या वाटेवर गाडीत गाणी रंगली. झुंबरबाई पुढच्या सीटवर उभी राहून हातवारे करत होती, जयसिंग हॉर्नवर ताल धरत होता. दीप्ती तेवढी खिडकीबाहेर बघत होती. यल्लव्वा उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

"गप का गं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे हाय. बोल."

दीप्ती हळूच, पण न थांबता बोलत गेली. "आत्या, पहिल्या सभेत तुम्ही उभं ऱ्हाऊन म्हणालता, आमच्या पोरी मानधन घेणार न्हाईत, सेवा म्हणून करतील. स्वप्नाली त्या सभेला न्हवती, पर मी हुते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या. सासू उभी असल्यावर सून दुसरं काय करणार?"

"मग तवाच बोलायचं."

"तवा बोलले असते तर तुम्ही आजपतूर बोलला असता." दीप्तीला जरा हसू आलं, मग ते मावळलं. "शून्य खर्च झाला म्हणता. खर्च झालाय की. माझ्या चपला झिजल्या. स्वप्नाली तिचं पोरगं शेजारणीकडं ठेवती, त्या शेजारणीला ती दूध घालती. रिक्षाचं, फोनचं, समदं आमचं आम्ही केलं. खर्च झालाय, आत्या. फकस्त संघानं केला न्हाय."

यल्लव्वाला फौंड्रीतला मुकादम आठवला. पाळी संपली तरी तो म्हणायचा, बायांनो, आपलीच कंपनी हाय, तेवढा ढीग चाळून जावा. त्या ढिगाचे पैसे कधी मिळाले नाहीत. घरी येताना बायका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, आणि सगळ्यांत वरचा आवाज यल्लव्वाचा असायचा. आपलंच काम, आपलीच पोरगी, सेवा म्हणून. गाडीच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं आणि ते क्षणभर त्या मुकादमाचं वाटलं.

"खरं हाय तुझं," ती शेवटी म्हणाली. "पण आता दिलं तर गाव काय म्हणंल? खजिनदार सासू आणि घेणारी सून. झुंबरी तर डॉल्बी लावंल."

"आणि न्हाय दिलं तर?"

"तर भर गेली."

"आणि माझं?"

पुढं झुंबरबाई गाण्याचं कडवं विसरली होती आणि तिसरंच काहीतरी जोडून गात होती. सगळी गाडी हसत होती. यल्लव्वानं सुनेचा हात हातात घेतला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

दोन दिवसांनी तिनं सभा बोलावली. मॅडमनाही बोलावलं. "कशाला खर्च चालतो ते आणि एकदा वाचा," असं तिनं सांगितलं. मॅडमनी वाचलं. दौऱ्याच्या पुढच्याच ओळीवर सखींचं मानधन होतं.

"मी हे त्या दिवशीही वाचलं होतं, मावशी," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही दौऱ्यावर निघून गेला होता."

"आज आलो की माघारी." यल्लव्वा उभी राहिली. "बायांनो, मी पोरींचं मानधन तुमच्यापुढं बंद केलं आणि मोठेपणा घेतला. ती बचत न्हवती. दुसऱ्याच्या अंगावरचं काढून आपल्या पेटीत ठेवणं हुतं. आता ते दिलं तर दाखला बी जाईल आणि तुमची भर बी सुटंल. पण त्यात माझी सून हाय. म्हणून मी ठरवणार न्हाय. मी भाईर बसते. तुम्ही ठरवा."

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. दार पुढं ओढलेलं. आत आधी कुजबुज झाली, मग झुंबरबाईचा आवाज चढला. शब्द कळत नव्हते, पण सूर भांडणाचा होता. "सून" एवढा एक शब्द तीनदा ऐकू आला. गेलं, यल्लव्वाला वाटलं. शब्दही गेला आणि घरातली पोरगीही दुखावली. समोर रस्त्यावर पोरं जयंतीसाठी कमानीचे बांबू रोवत होती, त्यांच्याकडे ती न बघता बघत राहिली.

आतला आवाज एकदम थांबला. दार धाडकन उघडलं. झुंबरबाई उंबऱ्यात उभी होती, तोंड लाल.

"आत ये! भाईर बसून काय उजेड पाडतीस?"

"काय ठरलं?"

"आत ये म्हणते न्हवं!"

यल्लव्वा आत गेली. झुंबरबाई खाली बसायला तयार नव्हती. "आता हिच्या तोंडावर सांगते. गेल्या पावसाळ्यात वढ्याचं पाणी रस्त्यावर आलतं. माझा गाडा बंद, घरात दमडी न्हाय. हिची सून दारात आली तर मी कडी लावून आत लपून बसलते. गेली न्हाय ती! पाण्यात उभी ऱ्हाऊन म्हणती कशी, काकू, घरात हाईसा ठाव हाय मला, उजेड दिसतोय. पाच रुपय टाका पर खंड पाडू नगा. मी खिडकीतनं पाच रुपय फेकलं. फेकलं! ते बी तिनं वाकून पाण्यातनं उचललं. त्या पाचावर माझं वर्ष टिकलंय. आणि तू त्या पोरीचं पैसं वाचवलंस? तुझ्या मुठीचं लई कवतिक केलतं मी. ते आज माघारी घेते!"

"घे," यल्लव्वा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तोंड मात्र हसत होतं.

"घेतलंच. दोघींचं बी मानधन पुरं द्यायचं, असं ठरलंय. आणि हात समद्यांनी वर केल्यात, माझं दोन्ही."

मॅडमना खात्री करायची होती, की सख्या खरंच दर आठवड्याला फिरल्या. त्यांनी नुसतं विचारलं आणि समाजमंदिरात गलका उडाला. माझ्याकडं भर उन्हात आलती. माझ्याकडं बाळंतपणाच्या दिवशी बी आलती, पाळणा हलवून गेली. माझ्या नवऱ्याला तिनं असं झापलं, की त्यानं त्या आठवड्यात दुप्पट दिलं. मॅडमनी शेवटी कानांवर हात ठेवले. "पुरे, पुरे. मानधन थकलेलं असलं तरी याच वर्षाचं आहे, त्यामुळे अडचण नाही. पोरींच्या खात्यावर उद्याच टाका." स्वप्नाली हसत होती का रडत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दीप्ती मान खाली घालून बसली होती, पण तिचे कान लाल झाले होते.

थोडी रक्कम अजून शिल्लक होती. ती खर्चून टाकायचं काम झुंबरबाईनं आपल्या अंगावर घेतलं. ती सयाजीकडे गेली आणि जयसिंगकडे गेली, आणि दोघांना एकच वाक्य ऐकवलं. "झाल्या कामाचं पुरं पैसं घे, न्हायतर फाट्यावर तुला भजी बंद." सयाजीनं कापलेलं बिल सरळ केलं. जयसिंगनं आढेवेढे घेतले, पण दोन दिवसांतच भजीविना त्याचा जीव कासावीस झाला, आणि त्यानंही भाडं घेतलं. दाखला वेळेत गेला.

जयंतीच्या आदल्या दुपारी बायका समाजमंदिरात निळ्या पताका दोऱ्यावर लावत होत्या. कुणाचा तरी फोन वाजला. मग दुसरीचा. मग एकदम सगळ्यांचेच, पिशव्यांतून, कनवटीतून, खिडकीतून टुणटुण टुणटुण सुरू झालं. झुंबरबाईनं आपला फोन दीप्तीपुढं धरला.

"वाच."

"आली, काकू."

"किती?"

"जेवढं तुमचं, तेवढंच त्यांचं."

"नाद खुळा!" झुंबरबाईनं अशी आरोळी ठोकली, की बाहेरची पोरं बांबू टाकून आत धावली. मग तिनं यल्लव्वाला कवेत घेऊन जमिनीवरून उचललं. यल्लव्वा ओरडत होती, "अगं सोड, हाडं मोडशील!" पण सोडायला कुणी तयार नव्हतं. एकीनं घेतली, दुसरीनं घेतली. तिच्या शब्दावर गाठी सोडलेल्या बायका तिला हातोहात फिरवत होत्या. निळ्या पताका पायांत आल्या, त्या पुन्हा लावाव्या लागल्या.

त्या संध्याकाळी दीप्ती म्हणाली, "आत्या, चला, कोल्हापुरात जाऊन येऊ. आज मी खर्च करणार."

दोघी गंगावेशीत उतरल्या. दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, धार काढायचं चाललं होतं आणि भोवती माणसं ग्लास धरून थांबली होती. दीप्तीनं दोन ग्लास सांगितले.

"केवढ्याला ग्लास?" यल्लव्वानं विचारलं.

"आत्या!"

"इचारलं फकस्त. कमी कर म्हणाले का मी?"

धार थेट ग्लासात पडली. ऊन ऊन दूध, वर बोटभर फेस. यल्लव्वानं एक घोट घेतला आणि डोळे मिटले. फौंड्रीच्या दिवसांत ती याच रस्त्यानं कितीदा चालत गेली होती, पण थांबली कधी नव्हती. तिच्या वरच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी आली. दीप्तीनं ती बघितली आणि सांगितलं नाही.

"मानधनाचं काय केलंस गं?"

"थोडं बचतीत टाकलं."

"आणि उरलेलं?"

"ते सांगणार न्हाय."

यल्लव्वानं सुनेकडे बघितलं. ज्या घरात साखरेचा डबासुद्धा तिला विचारून उघडायचा, त्या घरातली पोरगी तिच्या डोळ्याला डोळा भिडवून गालात हसत होती. यल्लव्वाला आधी राग आल्यासारखं झालं, मग हसू आलं, आणि ते हसू इतकं वाढलं, की तिला ठसका लागला आणि धारेखालच्या म्हशीनं मान वळवून बघितलं.

"नगं सांगूस," ती डोळे पुसत म्हणाली. मग रिकामा ग्लास तिनं धार काढणाऱ्यापुढं धरला. "दादा, आणि एक दे. फेसासकट."